चामनानकाकांचं पोटॅशियम

चामनानकाका शाळेत शिपाई होते, पण त्यांना तोंडावर शिपाई म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. बांगक्राथुमजवळच्या आमच्या गावातल्या शाळेची घंटा त्यांनी एकतीस वर्षं वाजवली, आणि दोन घंटांच्या मधला वेळ वर्गांच्या दाराशी उभं राहून काढला. गणित डोक्यावरून गेलं, इंग्रजी तर गावाबाहेरूनच गेलं, पण विज्ञानाचा तास त्यांनी कधी चुकवला नाही. त्या तासांतून त्यांच्या हाती एक शब्द लागला: पोटॅशियम. निवृत्त होताना शाळेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दुसऱ्या वर्षी बंद पडलं, शब्द मात्र चालू राहिला.

शब्द होता, आणि घरामागे नामवा केळीचं बेट होतं. मग काका थांबतात कसले? पोटात जळजळतंय, तर कच्चं केळं कापून उन्हात वाळवा, कुटा आणि मधातून घ्या. पोट सुटलंय, तर अर्धकच्चं खा. पोट धरलंय, तर ठिपके पडलेलं पिकं खा. बाळंतिणीला दूध उतरत नाही, तर केळफुलाची आमटी पाजा. डास चावला, तर साल चोळा. दर सोमवारी सकाळी गावच्या भोंग्यावर मुखिया डासांच्या फवारणीची वर्दी द्यायचा, नळाला पाणी कधी येणार ते सांगायचा, आणि मग काकांना तीन मिनिटं द्यायचा. तीन मिनिटांची अकरा व्हायची. शेवट ठरलेला असे: "रोज दोन नामवा खा. त्यात पोटॅशियम असतं. पोटॅशियम म्हणजे काय, ते पुढच्या सोमवारी." तो सोमवार सात वर्षांत उगवला नव्हता, कारण पोटॅशियम म्हणजे काय ते काकांनाही ठाऊक नव्हतं.

खोटं कशाला बोला, माणूस लोकांना सांगायचा तसा स्वतः वागायचाही. रोज सकाळी बुप्फाच्या चहाच्या टपरीवर येऊन, बाकड्याच्या मधोमध बसून, काका सगळ्यांदेखत दोन केळी खात. केळं सोलून तोंडात टाकण्याइतकं सोपं, अशी आमच्याकडे म्हण आहे. काकांनी त्या सोप्या कामाचाही सोहळा केला होता.

"काका, सोलताय की भंतेंच्या चीवराची घडी घालताय?" बुप्फा विचारायची.

"एकाहत्तर वर्षांचा आहे मी. कधी दवाखान्याची पायरी चढलेला बघितलंस मला?"

"नाही हो. पण तुमचं भाषण ऐकून चार जण चढले."

काकांच्या कुंपणापलीकडे लाओंग राहायची. बासष्ट वर्षांची विधवा, नऊ कोंबड्या, आणि जिभेला अशी धार की कोयता नको. तीन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजायला लागले तेव्हा काकांनी लगेच निदान केलं: पोटॅशियम कमी पडतंय. तेव्हापासून टपरीवर जाण्याआधी काका कुंपणाशी थांबत आणि फळीवरून दोन केळी पलीकडे देत. एक दिवस चुकला नाही. पुरात गुडघाभर पाण्यातूनसुद्धा ते केळी डोक्यावर धरून गेले होते.

"खा आत्ताच, माझ्यासमोर," काका म्हणत.

"भात चुलीवर आहे, पी चामनान. नंतर खाते." वयानं थोर म्हणून ती त्यांना पी म्हणायची, पण तो मान तेवढ्यापुरताच. "तुम्ही जा. टपरीवर लोक उपाशी बसलेत तुमच्या व्याख्यानासाठी."

रविवारी ती त्यांना दोन अंडी द्यायची. पिवळाधमक बलक, टणक कवच. काका ती उकडून खात आणि टपरीवर सांगत, "लाओंगच्या कोंबड्यांसारखं अंडं बांगक्राथुमात मिळायचं नाही. बाई हुशार आहे, पण पायाकडे दुर्लक्ष करते."

यंदा भाताची कापणी झाली आणि काकांचे स्वतःचे पाय सुजले. आठवडाभर त्यांनी चार-चार केळी खाऊन बघितली. चप्पल पायात जाईना तेव्हा नाइलाजानं बस धरून ते तालुक्याच्या इस्पितळात गेले, तेही टपरीच्या मागच्या वाटेनं. डॉक्टर म्हणजे त्यांच्या शाळेतल्या पोरींच्या वयाची मुलगी. तिनं रक्त तपासलं आणि कागद वाचून म्हणाली, "आजोबा, किडन्या थकल्यात तुमच्या. औषधं देते. मीठ कमी करा. आणि केळी बंद."

"केळी?" काकांना वाटलं, पोरगी चुकून बोलली. "बाळ, केळ्यात पोटॅशियम असतं."

"म्हणूनच बंद. चांगल्या किडनीच्या माणसाला केळ्यासारखं फळ नाही. पण तुमच्या किडन्यांना ते पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. किती वर्षं खाताय?"

"दात आल्यापासून."

"मग आता केळ्यांना सुट्टी द्या," ती म्हणाली आणि चालणाऱ्या फळांची यादी लिहून दिली. पाणीदार जांब. अननस थोडा. सफरचंद. काकांनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि परतीच्या बसमध्ये ती एकदाही उघडली नाही. ज्या शब्दावर आयुष्य काढलं त्यानंच दगा दिला होता. काकांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

गावाला सांगायचं कसं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बुप्फानं तोंडावर ऐकवलं असतं. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं काकांनी ठरवलं. टपरीवर सांगितलं, "आजकाल मी घरीच खातो. पहाटे. जास्त लागू पडतात." पण बेटावर घड पिकत होते, त्यांचं करायचं काय? फेकावीत तर शेजारणीला दिसणार. तेव्हा काकांना दानधर्म सुचला. सकाळी भिक्षू भिक्षेला दारावरून जात, तेव्हा काका भाताबरोबर थोरल्या भंतेंच्या पात्रात केळी घालू लागले. आज सहा, उद्या आठ. भंते डोळे मिटून आशीर्वाद पुटपुटत पुढे जात आणि पात्र सावरताना त्यांचा खांदा एका बाजूला कलत असे.

या गडबडीत लाओंगची दोन केळी मात्र चालूच होती. चौथ्या दिवशी केळी देताना काकांची नजर तिच्या पायांवर गेली. चपलेच्या पट्ट्यानं कातडीत खोल खाच पडली होती. तशीच खाच त्यांच्या पायावरही होती. काकांचा हात फळीवरच थांबला.

"काय झालं? द्या की," लाओंग म्हणाली.

"ही... ही नीट पिकली नाहीत," म्हणून काकांनी केळी परत घेतली आणि जवळजवळ पळालेच.

जेवण जाईना. तीन वर्षं. रोज दोन. काकांना आकडे येत नसत, पण हा हिशेब त्यांच्याकडून आपोआप झाला आणि दोन हजारांच्या पुढे गेला. आपण या बाईला हातानं विष चारलं की काय, या विचारानं ते दिवसभर केळीच्या बेटात नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं कुंपणाशी जाऊन म्हणाले, "लाओंग, इस्पितळात जाऊन ये. रक्त तपासून घे."

"का बरं? तुम्हीच तर म्हणाला होतात, दोन नामवा खा आणि डॉक्टरला विसर."

"म्हणालो होतो. आता म्हणतोय, जा."

"आणि माझी केळी? झाडं रुसली का तुमची?"

"कीड लागलीय."

"कीड लागलेली केळी भंतेंना घालताय होय? पाप लागेल." आणि ती कोंबड्यांना हाकत आत निघून गेली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी काकांची गत झाली. कारण सांगितल्याशिवाय ती जाणार नव्हती, आणि कारण सांगायचं म्हणजे सात वर्षांचे सगळे सोमवार स्वतःच्या हातानं पुसायचे.

तेवढ्यात उपोसथाचा दिवस आला. त्या दिवशी सगळं गाव डबे घेऊन विहारात जातं. भिक्षूंचं जेवण झालं की उरलेलं पानात वाढून गावकरी तिथेच पंगतीला बसतात. काका मुद्दाम खांबाआड बसले. लाओंग समोरच्या ओळीत, सुजलेले पाय एका बाजूला घेऊन बसली होती. पानं वाढून झाली इतक्यात थोरल्या भंतेंनी ध्वनिक्षेपक पुढे ओढला. विहारातला तो ध्वनिक्षेपक गावच्या भोंग्यालाच जोडलेला असतो, त्यामुळे भंते खोकले तरी वेशीपर्यंत ऐकू जातं.

"चामनान कुठाय?" भंते म्हणाले. "नऊ दिवसांत या माणसानं मला सत्तर केळी घातली. माझ्या बारक्या भिक्षूंनी तर केळं दिसलं की डोळे मिटायला सुरुवात केलीय. इतकी लाडकी वस्तू दान करायची म्हणजे मोठा त्याग झाला. पण चामनान, तुझ्यासाठी काही उरतं की नाही, बाबा?" आणि त्यांनी पिवळीजर्द, ठिपके पडलेली अख्खी फणी तबकात घालून काकांपुढे पाठवली. "खा. सगळ्यांसमोर खा, म्हणजे पोरांनाही गोडी लागेल."

भंतेंच्या हातचं परत करायचं म्हणजे घोर अपमान. दीडशे माणसं माना वळवून बघत होती. बुप्फानं तर नीट दिसावं म्हणून खांब सोडून जागा बदलली. काकांनी एक केळं तोडलं, सोललं आणि तोंडाशी नेलं. एकानं काय होतंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग समोर बघितलं, तर लाओंगही बघत होती, आणि तिच्या हातातही केळं होतं.

काका उठले. सोललेलं केळं तसंच मुठीत धरून भंतेंपाशी गेले, तीनदा डोकं टेकलं आणि ध्वनिक्षेपक घेतला.

"आज सोमवार नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, तोही वेशीपर्यंत गेला. "पोटॅशियम म्हणजे काय, ते आज सांगतो. मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं. ज्याच्या किडन्या धडधाकट आहेत त्यानं केळी खुशाल खावीत, मी सांगितलं ते सगळं त्याला लागू आहे. पण माझ्या किडन्या थकल्यात. मला केळं बंद आहे. इतके दिवस मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि पुण्य म्हणून भंतेंच्या पात्रात माझी अडचण घातली. ज्यांचे पाय सुजतात त्यांनी आधी रक्त तपासा. लाओंग, तू ते केळं खाली ठेव. मी तुला तीन वर्षं चारलंय. तुझं काही बरंवाईट झालं असेल तर ते माझ्या डोक्यावर आहे. उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल."

लाओंगनं हातातलं केळं शेजारच्या पोरीच्या पानात टाकलं.

"हे मी हिच्यासाठीच सोलत होते," ती म्हणाली. "आणि इस्पितळात मी दर महिन्याला जाते. तीन वर्षं झाली. माझंही दुखणं किडन्यांचंच आहे. केळं मला पहिल्याच दिवशी बंद केलं डॉक्टरनं."

काकांना कळेना. "मग मी रोज दिलेली?"

"कोंबड्यांनी खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. आणि रविवारी ती अंड्यांतून तुमच्याकडे परत आली. बघा, पोटॅशियम वाया नाही गेलं."

पंगत हसली ती थांबेचना. बुप्फा खांबाला धरून हसली. थोरल्या भंतेंनी पंखा तोंडापुढे धरला, पण पंखा हलत होता. काका मात्र ध्वनिक्षेपक हातात धरून तसेच उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाई सुखरूप होती. बाकी कुणी काय हसायचं ते हसो.

"पहिल्याच दिवशी सांगायचंस ना मला," ते म्हणाले. ध्वनिक्षेपक चालूच असल्याचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

लाओंग पान पुढे ओढत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही कुंपणाशी न थांबता बुप्फाकडे सरळच गेला असता." मग इकडेतिकडे बघून जरा चढ्या आवाजात म्हणाली, "बसा आता. भात गार होतोय लोकांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुंपणाशी आले तेव्हा त्यांच्या हातात बाजारातून आणलेले चार जांब होते, आणि खिशात डॉक्टरची यादी. त्यांनी दोन जांब फळीवर ठेवले आणि घसा साफ केला. "लाओंग, जांब हे फळ जे आहे, त्यात पाणी भरपूर. त्यामुळे..."

"पी चामनान," ती म्हणाली, "नुसते द्या."

तिच्या चुलीवर भात शिजत होता, झाकण थडथडत होतं, पण ती आत गेली नाही. तिथेच उभं राहून तिनं पदराला जांब पुसला आणि त्यांच्यासमोर करकचून चावला. काकांनीही एक घेतला. कोंबड्या नेहमीप्रमाणे कुंपणाशी येऊन माना वर करून उभ्या होत्या, पण त्या दिवशी त्यांना काही मिळालं नाही.