पिवळ्या ओळीतली साडी

आमच्या वडगावच्या विणकर सोसायटीत विनोदइतका हुशार कारकून झाला नाही, आणि इतका हट्टीही. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कुठली साडी कुणी विणली, काठ कोणता, कपाटात आहे की विकली गेली, सगळं त्याच्या एक्सेलमध्ये. मी तिथला सभासद. माग थांबला की त्याच्याकडे चहाला जाऊन बसायचो.

घरच्या लग्नासाठी कुणी साडी ठेवायला दिली, की तो ती ओळ पिवळी करायचा. "हळद लागली," म्हणायचा. "आता हिला गिऱ्हाईक न्हाय." शेजारी एक अक्षर लिहायचा नाही. रंग बघितला की त्याला कळायचं, बस्स.

दुर्गाक्काची साडी अशीच पिवळी झाली होती. नात आरोहीच्या लग्नासाठी तिनं ती विणली, डोळे अधू होत चालले असताना. त्यानंतर ती मागावर बसली नाही. घरात उंदीर फार, म्हणून साडी सोसायटीच्या कपाटात ठेवली. "विनोद, तुझ्या जिवावर ठेवतोय बघ," एवढंच म्हणाली.

एक्सेलचं दुखणं मात्र खरं होतं. खडेबाजारातल्या आमच्या दुकानात एक फाईल, सोसायटीत दुसरी, आणि दोन्हींचं नाव 'फायनल'. एकच साडी दोन गिऱ्हाइकांना कबूल व्हायची आणि मग दुकानात तमाशा. म्हणून सोसायटीच्या मंडळानं चिकोडीहून संगणकाचं काम करणाऱ्या करिष्माला बोलावलं. तिनं एक ओपन सोर्स डेटाबेस बसवला. परवान्याला पैसे नाहीत, फारसा कोड लिहायचा नाही. तक्ते, रकाने आणि फॉर्म जोडत जायचं, की दुकान आणि सोसायटी एकच नोंद बघतात. मला तर लई आवडला. विनोदला वाटलं, आपली खुर्चीच गेली.

जुनी फाईल नव्यात घालताना करिष्मानं त्याला विचारलं, "अण्णा, ह्यो पिवळा रंग कशाचा? नव्यात नुस्ती अक्षरं येत्यात, रंग येत न्हाईत. काय अर्थ असंल तर वेगळा रकाना करतो."

विनोद फुगून बसला होता. म्हणाला, "काय न्हाय. शोभेला केलाय."

हे त्यानंच मला पुढं सांगितलं. दोन दिवस पोरीला घाम फुटू दे, मग ऐटीत सांगू, असा बेत होता. तेवढ्यात निपाणीला मेव्हणीच्या घरी बारसं निघालं आणि तो तिकडं गेला. परत येईपर्यंत पडद्यावर दुर्गाक्काच्या साडीपुढं 'विक्रीस उपलब्ध' लागलं होतं, ती दुकानात पोचली होती आणि रोखीनं विकलीही गेली होती. बाहेरगावची बाई, नाव नाही, नंबर नाही. विनोदनं खडेबाजार पालथा घातला. बाई कुठली सापडायला!

नव्या डेटाबेसात कुणी काय बदललं याची नोंद राहते. विनोदचं ते 'शोभेला' तेवढं कुठंच नाही. करिष्माला ते पाठ असणार, पण तिनं कुणापुढं तोंडातून काढलं नाही. मंडळापुढं म्हणाली, "मीच नीट चौकशी करायला पायजे हुती." विनोद खाली मान घालून उभा होता. तेव्हाही बोलला नाही. याचा मला अजून राग येतो, आणि त्याची दयाही येते.

आता 'लग्नासाठी राखीव' असा रकाना त्यानं स्वतः जोडलाय. बैल गेला नि झोपा केला.

लग्नाच्या आधी त्यानं तसाच रंग, तसाच काठ शोधून आमच्यातल्याच जयाबाईनं विणलेली साडी आणली आणि मला सोबत घेऊन दुर्गाक्काकडे गेला. म्हातारीला दिसत नाही, निभावेल, असं वाटेत पुटपुटत होता. दुर्गाक्कानं घडी मांडीवर घेतली. पदरावरून हात फिरवला, काठ चिमटीत धरला, आणि थांबली.

"हात चांगला हाय," ती म्हणाली. "कुणाचा रं?"

विनोदनं माझ्याकडे बघितलं. "जयाबाईचा," मीच म्हणालो.

"व्हय?" तिनं घडी नीट केली आणि आरोहीच्या हातात दिली. "नेस बाळ. चांगली हाय."

आपली साडी कुठं गेली, हे दुर्गाक्कानं त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढंही कधी विचारलं नाही. विनोद अजून तिच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरतो. एकदा तरी विचारावं म्हातारीनं, म्हणतो.