भाताची माती

आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून जाताना हिरामावशी एका ठिकाणी पाय उचलून टाकत. फरशी सपाट होती. पायरी नाही, पाइप नाही. पण तिसरा खांब मागे पडला की त्या लुगड्याचा काठ जरासा वर धरत, एक उंच पाऊल टाकत आणि पुन्हा आपल्या चालीने चालू लागत. कोपरला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, गुडघ्याचं काही दुखणं असेल. एकदा न राहवून विचारलंच.

“बांध हाय ना तिथं,” त्या म्हणाल्या. तो बांध मला दिसत नाही याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

आमची इमारत त्यांच्या शेतावर उभी होती. खाडीच्या अलीकडची ती भाताची जमीन. त्यांच्या सासऱ्यांनी कसलेली, पुढे त्यांनी स्वतः लावणी-कापणी केलेली. जमीन बिल्डरला गेली आणि तळमजल्यावरचे दोन फ्लॅट घरात आले. एकात मुलगा जनार्दन, सून आणि नातवंडं. दुसऱ्यात मावशी एकट्या. दुपारी दार उघडं टाकून त्या उंबऱ्यात बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक ठरलेली, “जेवलीस का गो?” त्यांच्या तोंडी ‘ण’ आणि ‘ळ’ नव्हतेच. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली, ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेली. पहिले काही महिने माझे कान मनातल्या मनात त्यांचं बोलणं दुरुस्त करत राहिले. मग ती सवय कधी गेली ते कळलं नाही.

आमची खरी ओळख झाली ती एका मरायला टेकलेल्या रोपामुळे.

रोप माझ्या मुलीचं, ऋचाचं. हिरव्या गुलाबाच्या फुलासारखी जाड जाड पानं रचलेलं, मुठीत मावेल एवढं. नर्सरीतून आणलेल्या प्लास्टिकच्या पेल्यातच ते तिच्या खिडकीत बसलेलं असे. ऋचा बंगळूरला गेली आणि ते मागे राहिलं. ती नोकरीसाठी गेली असं मी सगळ्यांना सांगत असे, पण खरं कारण वेगळं होतं. ती घराजवळ राहावी म्हणून तिला न विचारता मी तिच्या नावाने ठाण्यातल्या एका ऑफिसात अर्ज करून टाकला होता. मुलाखतीचा फोन तिला आला, तेव्हा तिला ते कळलं. ती ओरडली नाही. “आई, मला थोडं एकटं राहू दे,” एवढंच म्हणाली आणि पंधरा दिवसांत गेली. त्यानंतर रोज रात्री एक मेसेज येई. “जेवले.” “बरी आहे.” फोन मी करायचे, ती उचलायची नाही.

मग मी त्या रोपाला पाणी घालू लागले. रोज सकाळी, न चुकता. पानं आधी फुगली, मग काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लागलं की गळू लागली. मी घाबरले. बाजारात जाऊन निळ्या चिनी मातीची एक मोठी सुंदर कुंडी आणली आणि रोप नि कुंडी दोन्ही घेऊन मावशींच्या दारात उभी राहिले.

त्यांनी पेला हातात घेतला. आधी वजन पाहिलं, मग वास घेतला.

“पानी कोन घालतं याला?”

“मीच. रोज.”

“रोज?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगो, त्याला तहान तरी लागू दे की.”

त्यांनी पेला दाबून रोप अलगद बाहेर काढलं. खालची माती चिकट, काळी झाली होती. बोटांनी ती झाडत झाडत त्या मुळांपर्यंत पोचल्या. बरीचशी मुळं सडून दोऱ्यासारखी लोंबत होती. विळीवर त्यांनी ती कापली, देठाचा तपकिरी भागही कापला, आणि उरलेलं रोप वर्तमानपत्रावर ठेवून दिलं.

“आता लावायचं ना?” मी कुंडी पुढे केली.

“आता काय नाय. जखम सुकू दे. चार दिवस इथंच पडू दे सावलीत.”

“मातीशिवाय? मरेल ना मावशी!”

“त्याच्या पानांत पानी हाय. तुज्यापरीस त्याला ठाव हाय कसा जगायचा.”

ते चार दिवस मी रोज दुपारी रोप पाहायला खाली जाई आणि मावशींजवळ बसून राही. उन्हाची तिरीप जाळीतून फरशीवर सरकत असे. मावशी हलक्या आवाजात बोलत राहत, आणि त्या बोलण्यात आजचं आणि तेव्हाचं यांच्यात रेघ नसे. लिफ्टजवळ खेकड्यांची बिळं होती, सोसायटीच्या ऑफिसात मळणीचं खळं होतं. वॉचमनच्या खुर्चीमागे त्यांची सासू न्याहारीची भाकर घेऊन येत होती. ऐकता ऐकता मलाही गाड्यांच्या मधून वाऱ्याने हलणारं पिवळं भात दिसू लागे, आणि वर माझ्या घरी जायला निघाले की पायऱ्या किती उंच आहेत असं वाटे.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना ऋचाचं सगळं सांगितलं. अर्जाचंही. कोणाला ते पहिल्यांदाच सांगत होते. मावशी ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी जनार्दनाशी एक वरीस बोलले नव्हते.”

जमीन द्यायचा निर्णय जनार्दनचा. जेसीबी आला त्या दिवशी मावशी बांधावर जाऊन बसल्या आणि उठेनात. शेवटी जनार्दनने त्यांना उचलून घरी आणलं. त्यानंतर वर्षभर एका घरात राहून त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. “तो जेवायचा, मी वाढायची. भात संपला का, ते पन नाय विचारायची. ताटाकडं बगायची.”

“मग बोललात कशा?”

“पाया खनला तवा त्यानं आपल्या शेताची माती ट्रकमदी जाऊ नाय दिली. गोनींत भरून ठेवली. इमारत उभी राहिली, लिफ्ट चालू नव्हती, तर सगल्या गोनी पाठीवर घेऊन गच्चीवर नेल्या. एकट्यानं. मना काय बोलला नाय. संध्याकाली आला नि भिंतीला टेकून बसला. मी इचारलं, पाठ दुखली का रे? नि मग त्यो रडला.”

त्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीमागे निळी पिंपं अर्धी कापून ओळीने ठेवली होती आणि त्यांत ती माती होती. दर वर्षी मावशी त्यांत भात लावत. घरातल्या सगळ्यांना एकेक घास येईल, एवढाच निघे.

मी म्हटलं, “ऋचाच्या रोपाला यातलीच माती द्या ना थोडी.”

“नाय,” त्या लगेच म्हणाल्या. “ही भाताची माती. पानी धरून बसते. त्या बिचाऱ्याला मारून टाकंल. माजी माया हाय म्हनून त्याला थोडीच मानवनार?”

चौथ्या दिवशी कापलेला देठ सुकून कडक झाला होता. मावशींनी विटेचे बारीक तुकडे, जाडी वाळू, कोळशाचा चुरा आणि अगदी थोडी जुनी शेणमाती एकत्र केली. माझ्या निळ्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. तरीही ती वापरू या असा मी आग्रह धरला. “एवढ्या पोटाला एवढा ताट?” म्हणत त्यांनी ती बाजूला सारली. कान तुटलेला एक चहाचा कप घेतला, उलटा धरून खिळ्याने हळूहळू भोक पाडलं. तळाशी विटेचा तुकडा, वर ते मिश्रण, आणि मधोमध रोप. लावून झाल्यावर माझा हात सवयीने पाण्याच्या तांब्याकडे गेला. मावशींनी मनगट धरलं.

“आठ दिवस नाय.”

ते आठ दिवस मी ऋचालाही फोन केला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. रात्रीचा मेसेज आला की वाचायचा, आणि फोन उपडा ठेवून द्यायचा, एवढंच करत होते. ते किती जड गेलं ते मला माहीत. एक-दोनदा मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते.

सहाव्या दिवशी सकाळी फोन वाजला. “आई, तुझा फोन नाही आला बरेच दिवस. बरी आहेस ना?” आणि मग, माझ्या उत्तराची वाट न पाहता, “माझं झाड आहे का गं?”

“आहे,” मी म्हटलं. “मी बुडवून मारत होते. हिरामावशींनी वाचवलं.” आणि मग अर्जाबद्दल जे म्हणायचं राहिलं होतं, ते एकदाचं म्हटलं. ऋचा म्हणाली, “सगळं लगेच ठीक होणार नाही हं.” मी म्हटलं, “नको होऊ दे.” दिवाळीत ती चार दिवस आली. दोन दिवस आमच्याकडे होती, दोन दिवस मावशींच्या उंबऱ्यातच बसून होती.

पुढच्या वर्षी मावशी बिछान्याला खिळल्या. वय झालं होतं, आजार असा काही नव्हता. माणसं ओळखेनाशा झाल्या. जनार्दनला त्या दीर समजत, सुनेला कोणी पाहुणी. दुपारी सूनबाईंना जरा पाठ टेकता यावी म्हणून मी जाऊन बसत असे.

त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. पडदा ओढलेला होता, पंख्याची मंद घरघर चालू होती. मावशींनी डोळे उघडले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि लहान मुलीच्या आवाजात हाक मारली, “आये!”

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“आये, खाडीला पानी चढलंय. मी येऊ का घरी?”

आयुष्यभर मी समोरच्याची चूक दुरुस्त करत आले. ‘मावशी, मी वरच्या मजल्यावरची’ हे वाक्य ओठांवर आलंही होतं. मी त्यांचा वाळका, हलका हात दोन्ही हातांत घेतला.

“ये गो बाय,” मी म्हटलं. “सावकाश ये. मी दारातच हाय.”