कुंपणापेक्षा उंच नको

आई गेल्यानंतर पुढच्या वर्षी बाबा आमच्याकडे न्यूझीलंडला, पोरिरुआत राहायला आले. ऑक्टोबर होता, म्हणजे इथला वसंत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात गच्चीवर गुलाब लावले होते. ते शेजारणीच्या भरवशावर सोडून आल्यामुळे त्यांचा जीव तिकडेच होता. मी वेलिंग्टनला सॉफ्टवेअर कंपनीत जायचो, बायको अर्धवेळ नोकरी करायची, लेक किंडीत, म्हणजे बालवाडीत. दिवसभर बाबा खिडकीत बसून वाऱ्यानं वाकणारी झुडपं बघायचे.

आमचं भाड्याचं घर उतारावर होतं आणि शेजाऱ्याचं अंगण आमच्या खाली. साठी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. गाड्या जोडण्याच्या कारखान्यात आयुष्य काढलं आणि कारखाना बंद पडल्यावर घरी बसला, एवढं मला ठाऊक होतं. दोन वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याच्या पिशव्यांपलीकडे गेलं नव्हतं. मला तो कधीच सरळ वाटला नाही. त्याच्या परसात एक काचघर होतं, पण काचा आतून पांढऱ्या रंगवलेल्या. टोमॅटो लावणारा माणूस काचा रंगवेल कशाला? संध्याकाळी त्याच्या दारात गाड्या थांबायच्या, इंजिन चालूच, आणि दोन मिनिटांत निघून जायच्या. मी बायकोला म्हणायचो, "काहीतरी गडबड आहे." ती म्हणायची, "तुला सगळीकडेच गडबड दिसते."

बाबांची मात्र त्याच्याशी दोन आठवड्यांत मैत्री झाली. त्याच्या कुंपणावरचा वेली गुलाब नुसताच उंच गेला होता, फुलं फक्त शेंड्याला. बाबांनी कुंपणापाशी उभं राहून त्याला हातानं दाखवलं, ही फांदी आडवी बांध. त्यानं कात्री आणून बाबांच्याच हातात दिली. तेव्हापासून सकाळी आंघोळ, पूजा आटोपली की बाबा पायऱ्या उतरून खाली जायचे ते जेवायलाच वर यायचे. नमस्काराऐवजी माओरीत "किआ ओरा" म्हणायला शिकले. इथल्यासारख्या रबरी चपला, जँडल्स, घालून फिरू लागले. ते खूश होते, आणि मला त्यांच्या खुशीचाच संशय येऊ लागला.

एका संध्याकाळी लेक त्यांच्या मांडीवरून उठली आणि नाक मुरडून म्हणाली, "आजोबा स्मेल्स फनी." मी जवळ गेलो. शर्टाला एक उग्र, चिकट वास होता. टोमॅटोच्या पानांनाही वास असतो, पण हा तो नव्हता.

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, खाली करता काय तुम्ही रोज?"

"झाडांना वळण लावतो," ते म्हणाले. मग रंगात येऊन सांगू लागले. शेजारी झाडं सरळ वाढू द्यायचा. शेंडा उंच जायचा, सगळा उजेड तोच घ्यायचा आणि खालच्या फांद्या पिवळ्या पडायच्या. बाबांनी त्याला शेंडा खुडायला लावला. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या जोर धरतात. मग त्या कोवळ्या असतानाच हळूहळू बाहेरच्या बाजूला वाकवायच्या, बांधायच्या, म्हणजे झाड छत्रीसारखं पसरतं आणि प्रत्येक फांदीला ऊन मिळतं. मधली दाटी काढून टाकायची, वारा खेळला पाहिजे, नाहीतर इथल्या दमट हवेत बुरशी धरते. "तो तारेनं बांधायचा. सालीत रुतायची ती. दोन फांद्या तर त्यानं घाईत मोडल्याच होत्या. मी पट्टी बांधली, सांधल्या."

"टोमॅटोच्या?"

बाबांनी ताकाचा घोट घेतला. "टोमॅटो आहेत. इतरही आहेत."

मला झोंबलं ते वेगळंच. बाबा सांगत होते की झाड बुटकं आणि पसरट ठेवायचं ते उजेडासाठी. मला दिसत होतं की शेजाऱ्याला झाड कुंपणापेक्षा उंच नको होतं, कुणाला दिसू नये म्हणून.

त्याच शनिवारी बायको कपाट उपसत म्हणाली, "माझा जुना परकर कुठे गेला? निळ्या फुलांचा?"

"मी घेतला," बाबा आतून म्हणाले. "फाडून पट्ट्या केल्या. मऊ सुती कापड इथे मिळतच नाही."

बायको हसली. मी हसलो नाही. बाबांना मागच्या अंगणात नेलं आणि दबक्या आवाजात म्हणालो, "बाबा, ती गांजाची झाडं आहेत."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पानं बघून कुणालाही कळेल."

"मग तरी?"

"मग काय? झाड मोडत होतं."

आमचा पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता. मी त्यांना सांगितलं की इथे हा गुन्हा आहे, पोलीस आले तर तुमचा व्हिसा, आमचा अर्ज, सगळं जाईल. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी पीत नाही, विकत नाही. पण तुला भीती वाटत असेल तर नाही जात."

त्यांनी शब्द दिला आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. खरंच नाही जात की नाही, हे तपासायला मी ऑफिसातून घरी फोन करू लागलो. एकदा फोन वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "बाथरूममध्ये होतो." मी त्यांच्या शर्टांचा वास घेऊ लागलो. बायकोनं एकदा धुवायच्या कपड्यांपाशी मला तसं पकडलं आणि शर्ट माझ्या हातातून काढून घेतला.

मनातलं कुणाशी तरी बोलायला हवं होतं. ऑफिसात माझ्याबरोबर जेवणारा एक स्थानिक सहकारी होता, मोकळा माणूस. मी त्याला विचारलं, समजा कुणाच्या शेजाऱ्याकडे अशी झाडं असतील आणि आपल्या घरचा पाहुणा तिथे जात असेल, तर पाहुण्याला त्रास होतो का? तो हसला. "मित्रासाठी विचारतोयस ना?" म्हणाला. तो पोरिरुआतच राहायचा, आमच्यापासून दोन वळणं पुढे. हे मला त्याच्याशी बोलून झाल्यावर आठवलं.

फेब्रुवारीत डोंगरांवरून हेलिकॉप्टर फिरू लागलं. इथल्या उन्हाळ्यात पोलीस वरून झाडं शोधतात हे तोवर मला कळलं होतं. बाबा अंगणात उभे राहून डोळ्यांवर हात धरून ते बघायचे. मी त्यांच्याकडे बघायचो.

आणि एका शनिवारी सकाळी खरोखरच शेजाऱ्याच्या दारात पोलिसांची गाडी आणि एक व्हॅन येऊन उभी राहिली. आम्ही तिघंही खिडकीशी गेलो. थोड्या वेळानं पोलीस काचघरातून एकेक झाड बाहेर आणू लागले. मी ती पहिल्यांदाच बघत होतो. कमरेएवढीच उंच, पण एवढी रुंद की दारातून तिरकी काढावी लागत होती. सगळ्या फांद्या एका पातळीवर, हिरव्यागार, भुईमुगाच्या वेलासारख्या जमिनीसरसी पसरलेल्या नव्हेत, तर कुणीतरी जपून उलगडल्यासारख्या. आणि जागोजागी निळ्या फुलांच्या पट्ट्या.

बायकोनं माझा दंड धरला. बाबा म्हणाले, "मुळं तुटली रे," आणि आत जाऊन बसले.

मग एक तरुण पोलीस आमच्याकडे आला. नम्र होता. शेजारी काही विशेष जाणवलं का, येणारी-जाणारी माणसं, वास? मी म्हणालो, मी सकाळी लवकर जातो, उशिरा येतो. त्यानं माझ्या खांद्यावरून आत बाबांकडे पाहिलं. "आणि तुम्ही, सर?"

बाबा उठून दारापर्यंत आले. सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मी पाहुणा आहे. मी त्याचे टोमॅटो पाहिले. गुलाब पाहिले. चांगला बागवान आहे." बायको त्याच वेळी दोरीवरचे कपडे काढायला मागच्या दारानं गेली, आणि निळ्या फुलांचं आणखी काही दोरीवर असेल या धास्तीनं मला वाटलं, त्या पोलिसाची नजर आता तिच्या मागे जाणार. पण तो आभार मानून निघून गेला.

दार लावून मी वळलो तर बाबा माझ्याकडे बघत होते.  त्या बघण्याचा अर्थ मला तिथल्या तिथे कळला: पोलिसांना मीच कळवलं.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. चहा हवा का विचारलं तर बाबा बायकोला सांगायचे, "त्याला म्हणावं, नको." मी खोलीत आलो की टीव्हीकडे बघायचे. एकदा मी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो तेव्हा ते बायकोला विचारत होते, "हा ऑफिसातून फोन करायचा ना मध्येमध्ये? अजून कुणाकुणाला करतो गं?" मी तसाच मागे फिरलो. शेजारीही आता कचऱ्याची पिशवी ठेवताना मला बघून पाठ फिरवायचा. म्हणजे खाली आणि वर, दोन्ही घरांत माझ्याबद्दल एकच मत झालं होतं.

मी पोलिसांना कळवलं नव्हतं. हे बाबांना तोंडावर सांगायला हवं होतं, पण जीभ रेटत नव्हती, कारण माझ्या डोक्यात तो सहकारी होता. त्यानं सांगितलं असेल तर माझ्यामुळेच झालं की. शेवटी न राहवून एके दुपारी जेवताना त्याला विचारलं. त्यानं सँडविच खाली ठेवलं.  "मी तसं करीन असं तुला वाटलं?" म्हणाला. मी काहीतरी सारवासारव केली. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या टेबलावर बसू लागला. त्याचं उत्तर खरं की बनाव, यावर मी आणखी काही दिवस घालवले.

मार्चच्या अखेरीस एका रविवारी मी कपडे वाळत घालत होतो. खालून शेजाऱ्यानं बाबांना हाक मारली. बाबा कुंपणाशी गेले. मी चादरीच्या आड होतो, पण वारा माझ्या दिशेनं होता, सगळं ऐकू येत होतं.

शेजारी म्हणाला, फोन त्याच्या मुलीनं केला होता. तिनं स्वतःच येऊन सांगितलं. नातवंडांना सुट्टीत त्याच्याकडे ठेवायचं तर झाडं काढून टाक, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. तो दर वेळी हो म्हणायचा. या वर्षी झाडं इतकी सुंदर झाली होती की त्याला ती काढवेनात. "मी मनातून सगळ्यांवर संशय घेतला," तो म्हणाला. "तुझ्या पोरावरसुद्धा."

बाबा म्हणाले, "मीसुद्धा."

 मग बाबांनी विचारलं, "मुलीशी बोलतोस?" शेजारी म्हणाला, "अजून नाही." बाबा म्हणाले, "बोल."

ते वर आले तेव्हा मी चिमट्यांची टोपली घेऊन तसाच उभा होतो. ते दोरीच्या पलीकडे थांबले.

"ऐकलंस?"

"हो."

"मला वाटलं, तू."

"माहीत आहे मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी टोपलीतला एक चिमटा उचलला आणि चादरीच्या उडणाऱ्या टोकाला लावला. म्हणाले, "तू फार घाबरला होतास रे. घाबरलेला माणूस काय करेल याचा मला अंदाज येईना. तू लहान असताना यायचा." मग थोड्या वेळानं, "चहा टाकतोस का?"

मी चहा टाकला. त्यांनी घेतला. यापेक्षा जास्त आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. एप्रिलमध्ये ते पुण्याला परत गेले. विमानतळावर निघताना शेजारी वर आला होता, बाबांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. कोर्टानं त्याला समाजसेवेची शिक्षा दिली होती, शनिवारी तो शाळांची कुंपणं रंगवायला जायचा.

इथल्या हिवाळ्यात आमची रेसिडेन्सी मंजूर झाली. फोनवर बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शेजाऱ्याला सांगितलंस?" म्हणून गेलो. दार त्याच्या मुलीनं उघडलं. मागे टीव्हीसमोर दोन पोरं मोजे घालून लोळत होती. मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी वरच्या घरातला, एवढं सांगितल्यावर तिचा चेहरा आणखीच बंद झाला. बहुधा वडिलांच्या चुकीच्या संगतीतला एक म्हणून ती मला धरत असावी. तेवढ्यात तो आतून आला, बातमी ऐकून "स्वीट ॲज, मेट", म्हणजे झकास, असं म्हणाला आणि हात मिळवला. मी पायऱ्या चढून वर येईपर्यंत ती दारातच उभी होती.