साहेबांच्या वहीतलं गायरान

साहेबांच्या पुस्तकात माझ्या आईचा फोटो आहे. पदर नाकापर्यंत ओढलेला, मान खाली. त्याखाली छापलंय, 'या स्त्रीला स्वतःची भाषाच नाही. ती मूक आहे.' जिच्या तोंडाला नळदुर्गच्या बाजारातले बकऱ्यांचे व्यापारी टरकून असतात, ती म्हणे मूक! एम.ए.ला असताना लायब्ररीत ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. साहेब विद्यापीठातले संशोधक; ते 'दबलेल्यांचा आवाज' शोधत आमच्याकडं आले तेव्हा मी बारावीला होते. पहिल्या दिवशी त्यांनी आईला प्रश्न विचारले ते माझ्या थोरल्या चुलत्यांसमोर. आमच्यात थोरल्या दिरापुढं बाई तोंड उघडत नाही. आईनं पदर ओढला आणि गप बसली. साहेबांनी तेवढ्यात फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मात्र ते मेंढरांमागं चालले, आणि आई सकाळपासून दुपारपर्यंत बोलत होती. गायरान कुणी नांगरलं, मेंढरांची पाण्याची वाट तारा ठोकून कुणी बंद केली, सगळं नावानिशी. साहेब लाल वहीत भराभरा लिहीत होते.

"लिवून घ्या सायब. आमचं कुणी ऐकत न्हाय," आई म्हणाली.

तिनं ज्याचं नाव घेतलं, त्याच बागायतदाराच्या घरी साहेबांचा मुक्काम होता. हे आम्हाला ठाऊक होतं. पण शिकलेला माणूस खाल्ल्या मिठाला एवढा जागेल असं वाटलं नव्हतं. पुस्तकात गायरानाची एक ओळ नाही. आई दर दिवाळीला विचारायची, "आलं का गं छापून?" पुस्तक निघालंय हे लपवून मी म्हणायचे, "न्हाय अजून." आईशी मला खोटं बोलायला लावलं, हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

पुढं मी कळंबला एका कॉलेजात शिकवायला लागले. गेल्या वर्षी तिथं चर्चासत्र ठरलं, 'वंचितांना बोलता येतं का?' प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांचं नाव मीच सुचवलं. आभार मानायचं आणि अहवाल लिहायचं काम मागून घेतलं, आणि आईला पुस्तकातलं सगळं खरं सांगून पहिल्या रांगेत बसवलं. साहेब तासभर बोलले. समोर बसलेली बाई त्यांनी ओळखली नाही.

मी माईकवर गेले आणि म्हणाले, "आभार माझी आई मानेल."

आई आली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

"सायब, वळखलं का? तुमच्या लाल वहीत म्या काय सांगितलं हुतं, तेवढं वाचून दावा." मग तिनं बागायतदाराचं नाव घेतलं. "गायरान अजून त्यानंच दाबलंय."

साहेबांचा चेहरा पडला. मग ते पंधरा मिनिटं बोलले. संशोधनाच्या मर्यादा, त्या वेळची परिस्थिती, असं बरंच काही. गायरानाबद्दल चकार शब्द नाही.

अहवालात मी आईचं बोलणं शब्द न शब्द घातलं, त्या नावासकट. खाली एकच ओळ लिहिली, 'प्रमुख पाहुणे मूक राहिले.' तसंच छापून आलं.

महिन्याभरात साहेबांचं पत्र आलं. 'मी सविस्तर बोललो होतो. माझं म्हणणं तुम्ही जाणूनबुजून गाळलंत. हा माझ्यावर अन्याय आहे.'

मी गावी जाऊन ते आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"लई लागलं म्हन की," ती म्हणाली, आणि मेंढरं घेऊन लांबच्या वाटेनं पाण्याला गेली. जवळची वाट अजून बंदच आहे. साहेबांच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही.