बुडणाऱ्या देशाची प्रतिनिधी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला जगाची फार काळजी वाटायची. आणि ती काळजी चारचौघांना दिसावी, असंही फार वाटायचं. कुठं युद्ध सुरू झालं की मी मोबाइलवरचा माझा प्रोफाइल फोटो हटवून तिथं पांढरं कबूतर लावायचे. ते कबूतर आठवडाभर टिकायचं. मग कुणाच्या तरी लग्नातला माझा साडीतला फोटो बरा यायचा आणि जागतिक शांततेला जागा रिकामी करून द्यावी लागायची.

जालन्याला वसतिगृहात राहून मी शिकत होते. शनिवारी एसटीने आष्टीला घरी यायचे, ते बहुधा घरच्यांना सुधारण्यासाठीच. एकदा बाजाराच्या दिवशी मी आईला भर रस्त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर दहा मिनिटं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या हातात चार कापडी पिशव्या होत्या. माझे वडील शिवणकाम करतात. उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या ते माझ्या जन्माच्या आधीपासून शिवत आलेत. आम्हा दोघींत प्लास्टिकची पिशवी एकच होती, ती माझ्या हातात होती आणि तिच्यात माझे नवे सँडल होते. हे मला घरी पोचल्यावर दिसलं. आईला आधीच दिसलं असणार, पण ती बोलली नाही.

अशा माझ्याकडे एके दिवशी जग स्वतःहून चालत आलं. राज्यशास्त्राच्या मॅडम वर्गात म्हणाल्या, की संभाजीनगरच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांची जागतिक परिषद भरणार आहे. प्रत्येकानं एका देशाचा प्रतिनिधी व्हायचं, भाषण करायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. मराठी चालेल, इंग्रजी चालेल. आमच्या कॉलेजातून दोघी जणी जाणार होत्या, मी आणि माझी रूममेट. ती भोकरदनची. घरी उर्दू, माझ्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही एकदम.

मॅडमनी आपल्या जेवणाच्या डब्यात देशांच्या चिठ्ठ्या टाकून आणल्या होत्या. रूममेटनं हात घातला आणि तिला एक भलामोठा, श्रीमंत, भरपूर रिकामी जमीन असलेला देश निघाला. मी हात घातला. माझ्या चिठ्ठीवरचं नाव मला वाचताच येईना.

"मॅडम, हा देशच आहे ना?"

"बेट आहे. छोटंसं. अभ्यास कर."

मी हिरमुसले. मला निदान अणुबॉम्ब असलेला देश हवा होता. रात्रीच्या जेवणाआधी मोबाइलवर शोधलं, तर नकाशात नुसतं निळं पाणी. बोटांनी मोठं करत करत गेले तेव्हा कुठं भाताच्या शितासारखे चार ठिपके दिसले. आणि मग वाचता वाचता कळलं, की समुद्राची पातळी वाढतेय आणि हा देश हळूहळू पाण्याखाली चाललाय.

मला इतका आनंद झाला! खोटं कशाला सांगू. एक अख्खा देश बुडतोय हे वाचून मी कॉटवरून उठून उभी राहिले. "अगं, बुडतोय!" मी रूममेटला म्हणाले. "आपला नंबर पक्का!"

"खुदा के वास्ते," ती म्हणाली, "हे तिथं जाऊन असं बोलू नको."

पुढचे पंधरा दिवस मी वसतिगृहाच्या गच्चीवर बुडत होते. "कल्पना करा, तुमचं अंगण पाण्याखाली गेलंय. कल्पना करा, तुमच्या पूर्वजांच्या समाधीवरून मासे फिरतायत." इथं आवाज कापरा करायचा, इथं थांबायचं, इथं डोळ्यात पाणी. पाणी तिसऱ्या परिच्छेदाला यायला हवं होतं. ते कधी दुसऱ्यालाच यायचं, कधी भाषण संपून कपडे वाळत घालताना. रूममेट घड्याळ लावून बसायची. मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. पाण्याचा आवाज कसा असतो ते भाषणात सांगायचं होतं, म्हणून गच्चीवरच्या टाकीला कान लावून पाहिला होता.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात शनिवारी घरी गेले. आई ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं भाषण म्हणून दाखवलं. मासे आले, समाधी आल्या, डोळ्यात पाणीही वेळेवर आलं. आईनं डाळ बाजूला ठेवली होती. मला वाटलं, हलली.

"कोण्या तालुक्यातलं गाव हाय?" तिनं विचारलं.

"गाव न्हाई गं, देश आहे. समुद्रात."

"असंल. मंग त्यांला उठायला किती दिवस दिले?"

"कुणी दिले नाहीत. समुद्र वाढून राह्यलाय."

"आन् देव? देव कुठं नेले?" मी काही बोलायच्या आत ती पुढं विचारत गेली. "दाराच्या चौकटी काढून घेता येतील का त्यांला? का तशाच सोडायच्या? नव्या जागी शेजार जुनाच भेटनार का चिठ्ठ्या टाकनार? आन् लग्न होऊन गेलेल्या पोरींला कळवलं का कुणी?"

मी वैतागले. इतक्या तयारीच्या भाषणावर हे काय प्रश्न? मी म्हणाले, "आई, हा हवामान बदलाचा विषय आहे. जागतिक आहे. तुला न्हाई कळायचं."

"न्हाई कळायचं," ती म्हणाली आणि परत डाळीत खडे शोधायला लागली.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मला त्या ओट्यावर उभी असताना आठवली नाही. माझ्या आईचं माहेर धरणात गेलंय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी मामाकडे, नव्या गावठाणात काढल्यात. सरळ रस्ते, नंबर घातलेले प्लॉट, आणि सगळे कडुलिंब एकाच वयाचे. मोठी माणसं बोलताना "जुन्या गावात" म्हणायची, तेव्हा मला वाटायचं, असेल जवळपास, बस जात असेल. माहीत असणं आणि लक्षात येणं यात किती अंतर असतं, ते माझ्यासारख्या हुशार मुलीकडून शिकावं. बुडालेल्या गावची मुलगी माझ्यासमोर सूप घेऊन बसली होती आणि मी तिला पाण्याखाली जाणं म्हणजे काय ते शिकवत होते.

परिषदेला कोट लागतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. वडिलांनी एका रात्रीत शिवून दिला. कापड चांगलं होतं, रंगही उठावदार होता, मरून. फक्त ते लग्नातल्या बँडवाल्यांच्या ड्रेसमधून उरलेलं होतं. वडिलांनी सवयीनं खांद्यावर पट्ट्याही लावल्या होत्या. त्या मी उसवल्या, पण टाक्यांच्या खुणा राहिल्या. संभाजीनगरच्या त्या गार हॉलमध्ये शिरले तेव्हा निळ्या-काळ्या कोटातल्या एका मुलानं मला थांबवून विचारलं, "ताई, चहा कुठे ठेवलाय?" मी एका सार्वभौम राष्ट्राची प्रतिनिधी होते. पण चहा कुठे आहे ते मला माहीत होतं, म्हणून दाखवला.

भाषण चांगलं झालं. तिसऱ्या परिच्छेदाला पाणी आलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला, तो माझ्यामुळंच, असं मी धरून चालले. मग प्रश्नांची वेळ आली. नियम असा, की दुसऱ्या देशाच्या प्रतिनिधीनं प्रश्न विचारायचा. तयारी नसलेले प्रश्न कुणी विचारू नयेत म्हणून माझ्या रूममेटनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मला सोपं जावं म्हणून तिनं प्रश्नही सोपाच निवडला होता.

"माझ्या देशाकडे जागा बिलकुल भरपूर आहे," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या लोकांना आम्ही घ्यायला तयार आहोत. सांगा, त्यांना तिथं काय काय लागेल?"

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मला तापमानवाढ पाठ होती, वितळणारा बर्फ पाठ होता, कुठल्या शब्दावर थांबायचं ते पाठ होतं. पण ज्या माणसांसाठी पंधरा दिवस रडत होते, त्यांना काय लागेल याचा मी एक मिनिटही विचार केला नव्हता. रूममेटनं डोळे मोठे केले, म्हणजे बोल की काहीतरी.

आणि मग माझ्या तोंडून आई बोलायला लागली. दुसरं काही जवळ नव्हतंच.

"आधी आम्हाला सांगा, उठायला किती दिवस द्याल," मी म्हणाले. "आमचे देव कुठे ठेवायचे? आमच्या दारांच्या चौकटी आम्ही काढून आणणार, त्या तुमच्या घरांना बसतील का? नव्या जागी आमचा जुना शेजार शेजारीच राहील का, का तुम्ही चिठ्ठ्या टाकणार? आणि आमच्या ज्या मुली लग्न होऊन दुसऱ्या बेटांवर गेल्यात, त्यांना शेवटचं एकदा येऊन बघता येईल, असं कुणीतरी वेळेत कळवा."

घंटा वाजली. मग टाळ्या वाजल्या, आणि त्या भाषणाला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा वेगळ्या होत्या.

मला दुसरा नंबर मिळाला. बक्षीस देताना परीक्षक सर माइकवर म्हणाले, "या मुलीची कल्पनाशक्ती विलक्षण आहे. उत्तर तर फारच अस्सल होतं. हे सगळं सुचलं कुठून तुला?"

तेव्हा खरं सांगायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. आईनं विचारलं. पण समोर एवढा हॉल, हातात एवढी ढाल, अंगात बँडवाल्याचा कोट. मी मान खाली घालून, नम्रपणे म्हणाले, "खूप वाचन केलं, सर."

परतीच्या बसमध्ये जालन्याच्या अलीकडं येईपर्यंत रूममेट खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "कोणतं पुस्तक गं? मला पण दे ना वाचायला."

मी तिला खरं सांगितलं. डाळ, सूप, 'तुला न्हाई कळायचं', सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "यार, तुला बक्षीस दिलं कोणी! जा घरी. आधी पूर्ण विचारून तर घे आईला."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तास बुडवून मी आष्टीला गेले. आई मला अवेळी बघून घाबरली. मी चहा करायला लावला नाही, बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, दारातच सांगून टाकलं, की मी तुझे प्रश्न चोरले, त्याला बक्षीस मिळालं आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले.

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "प्रश्न काय माझ्या एकटीचे हायेत व्हय? आमच्या समद्या गावचे हायेत ते. उत्तरं दिली का त्यांनी?"

"न्हाई. घंटा वाजली."

"आमच्या बारीलाबी कुणी दिली न्हाईत," ती म्हणाली. अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मग मी पहिल्यांदा विचारलं, तू होतीस का गं तेव्हा? नव्हती. मी तिच्या पोटात होते, सातवा महिना. धूळ, ट्रॅक्टर, पाडापाडी; तिच्या आईनंच निरोप धाडला होता, की येऊ नको, पोराला जपायचं. बाळंतपणाला ती माहेरी गेली, ती नव्या गावठाणात, पत्र्याच्या खोलीत. जुनं गाव तोवर निम्मं पाण्यात होतं. "तुझ्यापायी राह्यलं बघ बघायचं," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून घाईनं म्हणाली, "अगं, मस्करी करून राह्यले."

मस्करी नव्हती. पण चिडूनही बोलली नव्हती. मी बॅग खाली ठेवली.

त्या मे महिन्यात मी, आई आणि मामा धरणाच्या काठावर गेलो. कल्पना माझीच. मला वाटलं होतं, पाणी उतरलं असेल, देवळाचं शिखर तरी दिसेल, आई पदर डोळ्याला लावेल. मी मोबाइल पूर्ण चार्ज करून नेला होता. स्वभावाला औषध नसतं. पाणी काही उतरलेलं नव्हतं. लांबच लांब चकाकत होतं, एक माणूस थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढत होता, आणि गावाची काही खूण म्हणून दिसत नव्हती.

"ते बघ, तिथं शाळा व्हती," मामानं डावीकडं हात केला.

"तिथं कुठं? तिथं बैलगाडीची पांदन. शाळा हिकडं," आईनं उजवीकडं हात केला.

"तू गेल्तीस का कधी शाळेत, तुला ठावं असाया?"

"तुला डबा नेऊन कोण देत व्हतं मंग?"

दोघं इतक्या जोरात भांडायला लागले, की तराफ्यावरच्या माणसानं वळून बघितलं. मी मोबाइल सुरू केला आणि गंभीर आवाजात बोलायला सुरुवात केली, "या अथांग पाण्याखाली..."

"ए," आई म्हणाली, "ते ठिव आन् भाकरी सोड. ऊन किती झालंय."

मी मोबाइल पिशवीत टाकला आणि फडक्याची गाठ सोडली. भाकरी, ठेचा, कांदा. मामानं बुक्कीनं कांदा फोडला. अर्धी भाकर झाल्यावर त्यानं मान्य केलं, की शाळा थोडी उजवीकडं असू शकेल. आईनं मान्य केलं, की पांदण मात्र त्याच्याच बाजूला होती. मग पांदणीच्या पुढं कुणाचं घर होतं, तिथून दोघं मोजायला लागले, एकेक दार, पाण्यावर बोट ठेवत ठेवत. मी मधे बोलले नाही. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.