तीनातले दोन

सुगंधा गेली असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "पण तिनं मला फोटो परत काढायला सांगितलेत." डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय ठाऊक, मी काय करून बसलो होतो ते...

पावणे गावच्या कारखान्यात मी लेथ मशीनवर जन्म काढला, तिनं घर ओढलं. म्हातारपणी उलव्याला मुलाकडे आलो, आणि सुनेचा जुना कॅमेरा हिच्या हाती लागला. तेव्हापासून घरात शांतता म्हणून राहिली नाही. व्हिडिओ बघून बघून बाई एचडीआर शिकली. म्हणजे काय, तर तिपाईवर कॅमेरा ठेवून एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. एक काळाकुट्ट, एक बरा, एक पांढराफटक. काळ्यातून आभाळ घ्यायचं, पांढऱ्यातून अंधारातलं सामान, आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकात एक बसवायचे. मी म्हटलं, "एका फोटोत भागत नाय का तुझं?" तर म्हणाली, "खिडकीतलं आभाल आनि वट्याखालचा डबा माज्या डोल्याला एकदम दिसतो. मंग कॅमेऱ्याला का नाय?"

रंग तर असे चढवायची की विचारू नका. भाकरी सोन्याची, वांगं निळं आणि माझं तोंड सुक्या बोंबलासारखं, सुरकुत्या मोजून घ्याव्यात. एकदा मोरा बंदराच्या धक्क्यावर गेलो. होड्या पाण्यावर डुलत होत्या, म्हणून जुळवलेल्या फोटोत एकेकीच्या तीन-तीन झाल्या. पुढच्या खेपेला तिथल्या कोळणीला हिनं तो फोटो कौतुकानं दाखवला. ती म्हणाली, "बाय, माजी होरी येकच हाय. बाकीच्या दोन कवा देतेस?" घरीही तेच. मला खाजवल्याशिवाय उभं राहता येत नाही, त्यामुळे फोटोत मी तीन. "एक नवरा सांभाळताना जीव गेला माजा," म्हणायची, "हे दोन कुठं ठेवू?"

मग तिच्या फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी तिनं स्वयंपाकघराचे तीन फोटो काढले होते. घरी आल्यावर जुळवते म्हणाली. मी घरी रिकामा. म्हटलं, हिला बरं वाटेल असं काहीतरी करावं. कॅमेरा उघडला, काळा फोटो उडवला, पांढरा उडवला, चांगला तेवढा ठेवला. कारखान्यात आयुष्यभर हेच केलं होतं, खराब माल बाजूला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात छाती फुगवून सांगितलं.

ती जी हसत सुटली, ती नाकातली नळी निसटेपर्यंत. नर्स माझ्यावरच ओरडली. "अवो, तीनातले दोन मारलेत तुमी," ती म्हणाली. "आता एकट्यानं काय करायचं?" मग दमली. डोळे मिटूनच बोलली, "घरी जाऊन परत काढा." मी म्हटलं, "तू आल्यावर काढू." चौथ्या दिवशी गेली.

गेल्या आठवड्यात तिपाई काढली. खाली बघतो तर फरशीवर चिकटपट्टीचे तीन तुकडे, तिपाईच्या पायांसाठी. कॅमेऱ्यातून बघितलं, तर समोर ओट्यापाशी आणखी दोन. त्यांच्यावर उभा राहिलो. माझ्याच पावलांच्या मापाचे होते... तिनं ते फोटो काढले त्या सकाळी ती मला हाका मारत होती, आणि मी "आता कोण उभं राहणार" म्हणून गच्चीवर निघून गेलो होतो.

सुनेनं टायमर लावून दिला, दोन-दोन सेकंदांनी तीन फोटो. बटण मात्र मीच दाबणार म्हटलं. दाबलं आणि दुखरे गुडघे घेऊन पट्टीकडे पळालो. काळ्या फोटोत मी नाहीच. मधल्यात नुसती पाठ. पांढऱ्यात पट्टीवर ताठ उभा, परीक्षेला बसल्यासारखा. सुनेनं तिन्ही जुळवले. आभाळ आलं, ओट्याखालचा डबा आला, आणि मी आरपार. माझ्या पोटातून मागची फळी दिसते, फळीवरच्या हिच्या बरण्या दिसतात.

"बाबा, परत काढू या," सून म्हणाली. "तुम्ही अर्धेच आलात."

म्हटलं, "राहू दे. बरोबर आलाय."