सहावा दाणा

मासे-भात जरा जास्तच झालाय. ‘नुसती पाठ टेकते’ म्हणत सिसिल ओसरीवरच्या खाटेवर आडवी होते. संध्याकाळी लेकीचा, रेनिताचा, साखरपुडा. पोरीचा एकच हट्ट आहे, पप्पांची इटालियन सांबुकाची बाटली आज फोडायची. सिसिलनं सकाळीच साफ नाही म्हटलंय.

बस्त्याव, तिचा नवरा, इटालियन जहाजावर बारमन होता. सुट्टी संपवून निघताना दरवेळी दोन चिमुकले ग्लास भरायचे, बडीशेपेच्या वासाची ती गोड दारू, आणि प्रत्येकात कॉफीचे तीन भाजके दाणे. एक आरोग्याचा, एक आनंदाचा, एक बरकतीचा. दारू प्यायची, दाणे चावून खायचे. दोन दाणे कधीच नाहीत, सम आकडा अशुभ. नऊ वर्षांपूर्वी बरणीत पाचच निघाले. सिसिलनं तिनाचा ग्लास ट्रेमध्ये त्याच्या बाजूला ठेवला, पण पिऊन झाल्यावर पाहते तर तीन दाणे तिच्याच ग्लासाच्या तळाशी. त्याला न सांगता ती दाणे चावून मोकळी झाली. बस्त्याव गेला तो गेलाच, त्याच खेपेत जहाजावर वारला. नवऱ्याच्या वाटचं आपण खाल्लं, हे तिच्या मनातून हटत नाही.

डोळा लागतो. ओसरी हळूच डुलायला लागते. खाटेपुढे पितळी कठडा आहे आणि पलीकडे बस्त्याव, पांढऱ्या कोटात, ग्लास पुसतोय. त्याच्या मागे समुद्र हवा, तर आहे घरामागची केळीची बाग.

“उशीर केलास,” तो म्हणतो.

“स्वयंपाक होता,” ती म्हणते.

तो ओततो, काडी ओढतो. ग्लासावर निळी ज्योत उभी राहते. कठडा तोच, पण आता तो चर्चचा आहे आणि सिसिल गुडघे टेकून बसली आहे.

“त्या दिवशी तुमचा दाणा मी खाल्ला,” ती एकदाचं सांगून टाकते.

बस्त्याव हसतो. “वीस वर्षं ट्रे धरला मी. मला दाणे मोजता येत नाहीत होय? तू पाठ फिरवलीस, ट्रे मी फिरवला.”

“का पण?”

“छातीतलं दुखणं मला आधीच ठाऊक होतं. म्हटलं, आरोग्य तुझ्या ग्लासात असू दे. पोर लहान होती.”

तिला रडू येतं, आणि रागही तेवढाच येतो. सांगायचं तरी, असं ती म्हणते. सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का, असं तो विचारतो. तो तळहातानं ज्योत विझवतो, तिच्या मुठीत काहीतरी ठेवतो आणि तिची बोटं एकेक करून मिटतो.

“आई, चार वाजले,” रेनिता खांदा हलवते आहे.

सिसिल मूठ उघडते. कॉफीचा एक दाणा, अजून कोमट. नऊ वर्षांत या घरात कॉफी आलेली नाही.

“बाटली काढ,” ती म्हणते. “आणि तुम्हा दोघांसाठी कॉफीचे दाणे मागव. पाच.”

“सहा ना, आई? तीन-तीन.”

“पाचच. सहावा तुझ्या पप्पांनी दिलाय.”